नुरा कुस्तीचा निकाल

फुकट पास होता, भाच्याने दिलेला, म्हणून गेलो.
ग्वाल्हेरच्या मेळ्यात, झुल्यांच्या पलीकडे,
मौत का कुव्याला अगदी खेटून आखाडा.
आखाडा म्हणजे लोखंडी सांगाडा, वर प्लायवूड,
त्यावर गादी, गादीवर ताडपत्री, भोवती तीन दोर.
सुरू व्हायच्या आधी काठीने ठोकून पाहिलं. पोकळ.
शेजारचा पोरगा म्हणाला, "देखा अंकल? सब नकली है."
मी गप्प. आम्हीसुद्धा माती खणून भुसभुशीतच करायचो,
ताक, तेल, हळद घालून. माणूस पडणार असतो,
त्याचा मणका शाबूत घरी गेला पाहिजे.

एकतीस वर्षं पंच होतो, लष्करातल्या तालमीचा.
वहीची शेवटची चार पानं कोरी होती.

पहिली जोड. चंबळचा वाघ आणि रशियाचा बोरिस.
बोरिस छाती बडवतो, लोक शिव्या घालतात, तो खूश.
धोबीपछाड बरी, पण आवाज आधी आला, माणूस नंतर पडला.
पाय आपटायची घाई. दोष म्हणून लिहून ठेवतो.
दोरावरून उतरताना बोरिसचं बोट चेमटलं
आणि तोंडातून जे निघालं ते अस्सल मुरैनाचं.
वाघ विजयी. अकरा मिनिटं. त्यातली सात जास्तीची.

दुसरी, बायकांची.
नागीण नावाची पोर, विशीतली असेल,
तिने मध्येच, कुणाला कळेल न कळेल असा, पट काढला.
डावा गुडघा खाली, डोकं बरगडीला, हात पोटरीमागे.
हा पट गादीवर शिकलेला नाही.
मी खुर्चीतून अर्धा उठलो. माझी एकट्याची टाळी वाजली.
मग तिला आठवलं की आपल्याला हरायचंय,
आणि ती छान हरली.
पत्रकावर तिच्या वस्तादाचं नाव शोधलं.
मागच्या बाजूला रजयांच्या सेलची जाहिरात होती.

तिसरी पाहिली नाही. थंडी, गुडघा, चहा.
अर्धा किलो गजक घेतली.

चौथी. विक्की डायनामाइट, आणि काळ्या मुखवट्यातला
मिस्टर सन्नाटा.
विक्की देखणा आहे. एवढंच.
सगळी कुस्ती मुखवटेवाल्याने केली.
विक्कीला उचलताना मानेखाली तळहात,
सोडताना आपलीच पाठ आधी गादीला.
एखादी आई झोपलेलं मूल खांद्यावरून उतरवते
इतकं सावकाश, आणि लोकांना वाटलं, मेला!
मग तो वळला, आणि मुखवट्याच्या शिवणीतून
डावा कान बाहेर आला. चुरगळलेला, वाळल्या अंजिरासारखा.

सर्जेराव भोईटे. मुरारचा.
एकोणीस वर्षांपूर्वी, नागपंचमीच्या कुस्त्यांत,
मी शिट्टी वाजवली होती. चीत.
डावा खांदा टेकला होता. उजवा?
ऊन डोळ्यांत होतं, हलगी चढली होती,
गर्दी मातीत उतरायला लागली होती.
त्यानंतर तो तालमीत दिसला नाही.

तीन मोजले. सन्नाटा हरला. फटाके वाजले.
धुकं आणि धूर एक झाला, लोक झुल्यांकडे पांगले.
मी काठी टेकत आखाड्यापाशी गेलो.
विक्की पोरींबरोबर फोटो काढत होता,
आणि हा, मुखवटा कपाळावर सारून,
खाली वाकून सांगाड्याचे नट सैल करत होता.
उद्या भिंडला खेळ.

मला पाहिलं. हसला.
दोन्ही खांद्यांवर आळीपाळीने हात मारून म्हणाला,
"पंच, आज टेकले. दोन्ही."
मी तोंड उघडलं.
शेजारी कुव्यात मोटारसायकल सुरू झाली,
फळ्या थरथरल्या, काय बोललो मलाच ऐकू आलं नाही.
त्याने कानामागे हात धरला, मग जाऊ दे अशी मान हलवली
आणि पाना माझ्या हातात दिला.
"हा जरा धरा. घट्ट. पलीकडून फिरवतो."

धरला.
वहीत चौथ्या जोडीपुढे अजून काही लिहिलेलं नाही.
बोटांना ग्रीस आहे, पानाला लागेल.